हिमवादळात लोकल रेडिओ-टीव्ही खरंच लागतो का? (बफेलोकर आणि इतर बर्फाळ मंडळी, मदत करा)

नवीनशेजारीण (सोमवार, रात्री ९:१२)

मंडळी, बावळट वाटेल असा प्रश्न आहे पण विचारतेच. आम्ही ऑगस्टात न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेला, इथले लोक ज्याला साउथटाउन्स म्हणतात तिकडे राहायला आलो, आम्ही दोघं आणि पाच वर्षांची लेक. पहिलाच हिवाळा. गुरुवारपासून लेक इफेक्ट स्नो (तळ्यावरून येणारा बर्फ) येणार म्हणून ऑफिसात लग्नघरासारखी धांदल चाललीय, कोण फावडं आणतंय, कोण जनरेटरसाठी गॅस भरून ठेवतंय.

शेजारच्या आजी (सत्तरीच्या पुढच्या असाव्यात) काल कुंपणावरून पहिला प्रश्न काय विचारल्या तर "रेडिओ आहे ना? सेलवर चालणारा?" मला हसूच आलं. आमच्याकडे केबल नाही, टीव्ही फक्त स्ट्रीमिंगला, फोनवर हवामानाची दोन अ‍ॅप आहेत, अलर्ट आपोआप येतात. मग रेडिओ कशाला?

दुसरं म्हणजे लोकल चॅनेलवाले. आज नवऱ्याने उत्सुकतेने एका चॅनेलचं अ‍ॅप लावलं तर अर्धा तास एक माणूस रस्त्यांवर टाकायच्या मिठाच्या ढिगाऱ्यासमोर उभा राहून सांगत होता की मीठ आहे. याच्यातून खरंच काही कळतं का, की नुसता वेळ भरतात?

---

जुनं_खोड (सोमवार, रात्री १०:४०)

शेजारीणबाई, आजींचं ऐका आणि उद्याच रेडिओ आणा. हसू नका.

मी ७७ च्या ऑगस्टात बॉस्टनला शिकायला आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात, १९७८ च्या ६ आणि ७ फेब्रुवारीला, ते प्रसिद्ध ब्लिझर्ड, म्हणजे मोठं हिमवादळ. २७.१ इंच बर्फ. पण इंचांपेक्षा गंमत वेगळीच होती, अंदाज बरोबर होता आणि तरी लोक फसले. सोमवारी पहाटे सुरू होईल असं सांगितलं होतं, सकाळ झाली तरी आभाळ नुसतं कुंद, तेव्हा सगळे म्हणाले हे हवामानवाले नेहमीचेच, आणि निघाले कामाला. उशिरा सुरू झालं आणि मग असं कोसळलं की दुपारी सगळे एकदम घरी पळाले, रूट १२८ वर तीन हजारांवर गाड्या जागच्या जागी रुतल्या. काही लोक गाडीत इंजिन चालू ठेवून बसले आणि सायलेन्सर बर्फात गाडला गेल्यामुळे आत विषारी धूर कोंडून दगावले. ही गोष्ट मी तेव्हा रेडिओवरच ऐकली आणि आजतागायत विसरलेलो नाही.

आम्ही चौघं एका खोलीत, एक ट्रान्झिस्टर. पुढचा जवळजवळ आठवडा पूर्व मॅसॅच्युसेट्समध्ये खाजगी गाड्यांना बंदी होती. गव्हर्नर ड्युकाकिस टीव्हीवर सूट सोडून स्वेटर घालून यायचे, घरमालकिणीकडे टीव्ही होता म्हणून आम्ही खाली जाऊन बघायचो. माणूस रोज येऊन आज कुठले रस्ते मोकळे, उद्या काय, एवढंच सांगायचा पण शेजारच्या काकांनी सांगितल्यासारखं वाटायचं.

आणि काय काय बंद आहे त्याची यादी! रेडिओवरचा बुवा शाळा, चर्च, बिंगो सगळं आद्याक्षराप्रमाणे वाचत सुटायचा. आपलं अक्षर चुकलं की पूर्ण फेरी होईपर्यंत बसा. हल्ली ती यादी टीव्हीच्या खालच्या पट्टीवर पळते आणि शाळा स्वतःच मेसेज करते, त्यामुळे ती मजा गेली आणि बरंच झालं.

---

तिरकस (सोमवार, रात्री ११:०५)

काका, आदर आहे, पण ४५-५० वर्षांपूर्वीचा रेडिओ आणि आत्ताचा रेडिओ यात फरक आहे की नाही? तेव्हा स्टेशनात माणसं असायची. आत्ता रात्री बाराला रेडिओ लावा, निम्म्या स्टेशनांवर कॉम्प्युटर गाणी वाजवतोय, मधे जो निवेदक "काय मस्त रात्र आहे" म्हणतो तो दुसऱ्याच राज्यात बसून दुपारी रेकॉर्ड करून गेलेला असतो. बाहेर चार फूट बर्फ आणि हा म्हणतोय मस्त रात्र.

टीव्हीबद्दल तर बोलूच नका. "घराबाहेर पडू नका" हे सांगायला हे स्वतः गाडी घेऊन बाहेर पडतात. मग प्लाऊने (बर्फ लोटणाऱ्या गाडीने) रस्त्याच्या कडेला लोटलेल्या ढिगात पट्टी खुपसायची आणि म्हणायचं बघा, अठरा इंच! अहो तो ढीग आहे. वादळांना नावं ठेवणं हा अजून एक खेळ, द वेदर चॅनेलने २०१२ पासून सुरू केला, सरकारी नॅशनल वेदर सर्व्हिस ती नावं वापरतसुद्धा नाही.

शेजारीणबाई, वेदर सर्व्हिसची वेबसाइट बघा, तुमच्या गावाचा अंदाज वाचा आणि झोपा.

---

फेज_न्यूट्रल (मंगळवार, सकाळी ७:३०)

तिरकसराव, वेबसाइट बघायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटला वीज. थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

वीज गेली की तुमचा राउटर गेला. फोनचा डेटा चालू राहील, पण टॉवरलाही वीजच लागते, त्याच्या बॅटऱ्या काही तास टिकतात, काही टॉवरना जनरेटर असतात पण त्यात डिझेल घालायला जाणारा ट्रकही त्याच बर्फात अडकलेला असतो. शिवाय जे टॉवर चालू असतात त्यांच्यावर सगळं गाव तुटून पडलेलं असतं. फोनवर जो किंचाळणारा अलर्ट येतो (वायरलेस इमर्जन्सी अलर्ट, २०१२ पासून) तो उपयोगी आहे, पण त्यात जास्तीत जास्त ३६० अक्षरं मावतात. जीव वाचवायला पुरतं, पण आपल्या रस्त्यावर काय चाललंय ते सांगायला नाही.

टीव्ही. पूर्वी सेलवर चालणारे छोटे टीव्ही मिळायचे, १२ जून २००९ ला अमेरिकेने मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं आणि ते सगळे डबे झाले. डिजिटलचं असं आहे की सिग्नल पुरेसा असला तर चित्र स्वच्छ, जरा कमी पडला तर चौकोन चौकोन होऊन सगळंच गायब, मधलं काही नाही. अ‍ॅनालॉगमध्ये मुंग्या दिसायच्या पण आवाज तरी यायचा. डिश असेल तर ओला बर्फ तिच्यावर बसला की संपलं. तरी वीज असेपर्यंत साधा अँटेना लावून लोकल चॅनेल फुकट दिसतात, इंटरनेट गेलं तरी दिसतात, तो पंचवीस मिनिटांचा उद्योग आज-उद्या उरकून टाका. स्ट्रीमिंगवर विसंबू नका.

आता रेडिओ. दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, लोक गल्लत करतात.

एक, वेदर रेडिओ. हा सरकारी. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमध्ये सात फ्रिक्वेन्सी आहेत, साध्या एफएम सेटवर लागत नाहीत, वेगळा सेट घ्यावा लागतो. यंत्राच्या आवाजात अंदाज आणि इशारे चोवीस तास. सेटमध्ये आपल्या काउंटीचा (जिल्ह्याचा) कोड घालायचा, ईरी काउंटीचा ०३६०२९, म्हणजे तुमच्या काउंटीचा इशारा आला तरच तो रात्री तीनला बोंबलतो, पलीकडच्या काउंटीसाठी उठवत नाही. (आवाज भयंकर आहे, लेकीला आधी एकदा ऐकवून ठेवा.)

दोन, साधा एएम-एफएम. इथे माणूस बोलतो. बफेलोत बातम्यांसाठी लोक डब्ल्यूबीईएन ९३० एएम लावतात, आणि वादळात काही रेडिओ स्टेशनं टीव्हीचा आवाजच उचलून लावतात, म्हणजे टीव्ही बंद पडला तरी तीच चर्चा कानावर येते. हँडल फिरवून चालणारा सेट घ्यायचा तर घ्या, पण हात दुखतो, सेल भरपूर आणून ठेवा.

---

नवीनशेजारीण (मंगळवार, दुपारी १२:५०)

फेज_न्यूट्रल, खूप आभार, अँटेना ऑर्डर केला. पण एक कळलं नाही, अ‍ॅपवर रडार दिसतंच की. वीज असेल तोपर्यंत तरी मला रडारवर दिसेल ना की बर्फ माझ्यावर आहे की पुढे गेला? त्याच्यासाठी टीव्हीवरचा माणूस कशाला?

---

मोजपट्टी (मंगळवार, दुपारी ३:२०)

ताई, हा प्रश्न लाखमोलाचा. मी गेली कित्येक वर्षं अंगणातला बर्फ मोजून कळवते (कोकोराज नावाचं स्वयंसेवकांचं जाळं आहे, १९९८ ला कोलोराडोत सुरू झालं, आता देशभर आहे), त्यामुळे हा विषय जरा जवळचा.

लेक इफेक्ट म्हणजे मोठं पसरलेलं वादळ नव्हे. थंड वारा कोमट तळ्यावरून लांबवर येतो, वाफ घेतो आणि किनाऱ्यावर एका अरुंद पट्ट्यात सगळं ओततो. या पट्ट्याला बँड म्हणतात. नोव्हेंबर २०१४ ला हा बँड साउथटाउन्सवर ठाण मांडून बसला, खाली पाच फुटांच्या वर बर्फ आणि उत्तरेला काही मैलांवर काही इंच. थ्रूवेवर (महामार्गावर) गाड्या अडकलेल्या आणि तिकडे लोक निवांत फिरतायत. बँडची कड भिंतीसारखी असते, उन्हात उभं राहून समोर पांढरा पडदा दिसतो. वारा जरासा वळला की अख्खा पट्टा सरकतो. अ‍ॅप तुमच्या पिनकोडला एक आकडा देऊन मोकळं होतं, लोकल हवामानवाला म्हणतो "बँड आत्ता हॅम्बर्गवर आहे, दक्षिण-पश्चिमेचा वारा वळतोय, तासाभरात उत्तरेला सरकेल, ऑर्चर्ड पार्कवाल्यांनो आत्ता फावडं मारू नका, थांबा." हे अ‍ॅप सांगत नाही.

रडारचं म्हणाल तर दोन घोळ. लेक इफेक्टचे ढग ठेंगणे असतात. रडारची शलाका जमिनीला समांतर जात नाही, दूर जाता जाता वर वर जाते, त्यामुळे रडारपासून बरंच लांब असाल तर ती ढगांच्या डोक्यावरून निघून जाते आणि स्क्रीनवर काहीच नाही, बाहेर मात्र धो धो. दुसरा घोळ जास्त वाईट. पडून गेलेला बर्फ वाऱ्याने उडतो तो रडारला दिसत नाही. १९७७ चं बफेलोचं ब्लिझर्ड आठवा, २८ जानेवारी ते १ फेब्रुवारी, नवीन बर्फ जेमतेम फूटभर पडला. ईरी तळं डिसेंबरातच गोठलेलं, त्याच्यावर साठलेला सगळा भुगा ताशी ६९ मैलांपर्यंतच्या वाऱ्याने उचलून शहरावर आणून टाकला. अशा वेळी आत्ताचं अ‍ॅप बघून कोणी म्हणेल की बर्फ थांबलाय, आणि दाराबाहेर स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून तर ब्लिझर्डच्या व्याख्येत इंच नाहीतच. ताशी ३५ मैल वारा, पाव मैलापेक्षा कमी दिसणं, आणि हे निदान तीन तास.

तिरकसभाऊंचं पट्टीबाबत मात्र शंभर टक्के बरोबर. मोजायचं असतं ते पांढऱ्या फळीवर, झाडं-भिंतींपासून लांब, इंचाच्या दहाव्या भागापर्यंत. सहा तासांतून एकदापेक्षा जास्त वेळा फळी पुसायची नाही, कारण बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो, तासातासाला पुसून बेरीज केली तर आकडा फुगतो. टीव्हीवर रात्री गावांची नावं आणि इंच असा तक्ता येतो ना, त्यात आमच्यासारख्यांचे आकडे असतात. मी पहाटे नाइट गाऊनवर जाडजूड कोट चढवून फळीशी ओणवी असते, नवरा खिडकीतून टॉर्च मारतो. तेव्हा त्या तक्त्याला हसू नका.

---

मनवा (मंगळवार, रात्री १०:१५)

लिहू की नको करत होते. २०२२ च्या डिसेंबरातल्या ब्लिझर्डमध्ये आम्ही बफेलोत होतो.

सगळ्यांना आकडे माहीत आहेत, विमानतळावर ५१.९ इंच, ३७ तास सलग ब्लिझर्ड (मोजपट्टीताई म्हणाल्या त्या व्याख्येत तीन तास पुरतात!), चाळीसच्या वर माणसं गेली. अंदाज चार दिवस आधीपासून सांगत होते, टीव्हीवाले अक्षरशः हात जोडत होते की हे नेहमीसारखं नाही. काउंटीची ड्रायव्हिंग बंदी २३ डिसेंबरला सकाळी साडेनऊला लागू झाली, तोवर माझा नवरा आणि त्याच्यासारखे कितीतरी लोक कामावर पोचले होते. तो कसाबसा परत आला.

दुपारी लाइट गेली. घर गरम ठेवणारी फर्नेस बंद. आम्ही स्वयंपाकघरात सगळी पांघरुणं घेऊन, दाराला ब्लँकेट टांगून बसलो. माझ्याकडे सासूबाईंनी ठेवून गेलेला एक रेडिओ होता, त्याला मी कधी हात लावला नव्हता. सेल टीव्हीच्या आणि खेळण्यांच्या रिमोटमधून काढले. तुम्हाला सांगते तो बोलणारा माणूस रात्रभर होता, पहाटेपर्यंत त्याचा घसा बसला होता. लोक फोन करायचे. एकजण गाडीत अडकलेला, कुठे आहे ते त्यालाच कळेना, तर हा विचारतोय "काय दिसतंय? एखादी पाटी? एखादा दिवा?" आणि तो म्हणतो काहीच नाही. मग "शेवटचा सिग्नल कुठला ओलांडला ते आठव." असं करत करत त्याला कुठल्या दोन रस्त्यांच्या मधे आहे तिथवर आणलं आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी फोन केला की ते माझ्याच खिडकीखाली असणार, मी पडवीतला दिवा सतत चालू-बंद करतो. पुढे काय झालं ते मला कळलं नाही, माझे सेल तेवढ्यात मंद झाले आणि मी रेडिओ बंद करून काखेत धरून बसले, ऊब लागली की थोडे परत चालतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी नवरा फोन चार्ज करायला ड्राइव्हवेमधल्या गाडीत जाऊन बसला. दहा मिनिटांनी रेडिओवर तेच ते सांगायला लागले जे ते प्रत्येक तासाला सांगत होते, गाडी चालू करण्याआधी सायलेन्सर मोकळा करा, घराबाहेरच्या फर्नेसच्या नळ्या बघा. शंभर वेळा ऐकलेलं. त्या वेळी कुठून ऐकू आलं कुणास ठाऊक, मी ब्लँकेटसकट बाहेर धावले आणि मागे जाऊन बघितलं तर नळीच दिसेना, गुडघाभर बर्फ. हाताने उकरलं. तो आत डुलक्या घेत होता, थकवा होता की काय होतं देव जाणे.

तेच तेच सांगतात अशी तक्रार आता मी करत नाही.

फोनचं पण सांगते, अन्याय नको. ज्यांची लाइट होती त्यांनी फेसबुकवर ग्रुप करून हजारो लोकांना मदत मिळवून दिली, कोणाकडे इन्सुलिन, कोणाकडे स्नोमोबिल. दोन्ही लागतं. पण आमच्या घरात त्या दोन दिवसांत एकच यंत्र बोलत होतं.

---

तिरकस (मंगळवार, रात्री ११:३०)

मनवा, वाचून गप्प झालो. ढिगात पट्टी खुपसणाऱ्यांबद्दल माझं मत तसंच आहे, पण सेल आणतो उद्या.

फक्त माझा मुद्दा उलटा करून सांगतो, कामाला येईल. कुठल्या स्टेशनात खरा माणूस आहे हे वादळात शोधू नका. आत्ता, साध्या रात्री, दीड-दोनला लावून बघा. रस्त्यांची नावं घेतोय का? आजचं तापमान आजचंच सांगतोय का? नसेल तर वादळाच्या दिवशीही तिथे गाणीच असतील.

---

जुनं_खोड (बुधवार, सकाळी ६:१०)

तिरकस, शाबास. एक भर घालतो. एएम लावताना दांडी ओढून बाहेर काढून काही उपयोग नाही, ती एफएमची. एएमचा अँटेना आत आडवा असतो, म्हणून अख्खा रेडिओच हळूहळू फिरवायचा, एका कोनात आवाज स्वच्छ होतो. एलईडी दिवे आणि फोनचे चार्जर यांच्याजवळ ठेवलात तर नुसती खरखर. गंमत म्हणजे लाइट गेली की हीच खरखर थांबते आणि एएम सर्वात छान ऐकू येतं. नव्या इलेक्ट्रिक गाड्यांमधून काही कंपन्या एएम काढून टाकतायत ते याच खरखरीचं कारण देऊन, आणि ते काढू देऊ नये म्हणून अमेरिकेच्या संसदेत (काँग्रेसमध्ये) विधेयक आलंय. तुमची गाडी कुठली ते बघून ठेवा.

---

नवीनशेजारीण (गुरुवार, पहाटे १:५०)

सुरू झालंय. खिडकीतून समोरचा दिवा अजून दिसतोय, मधेच जातो मधेच येतो.

रेडिओ आणला, सेल आणले, वेदर रेडिओ पण आणला आणि त्याची टेस्ट वाजवल्यावर लेक टेबलाखाली गेली, नंतर म्हणाली परत वाजव. तिरकस यांच्या सांगण्याप्रमाणे आत्ता बसून काटा फिरवत होते. पहिल्या तीन स्टेशनांवर गाणी, चौथ्यावर कोणीतरी व्हिटॅमिनच्या गोळ्या विकतंय. मग फ्रिजकडे तोंड करून जरा वळवला तर एक बाई आली, म्हणाली रूट २१९ वर दिसणं शून्य झालंय, प्लाऊ परत बोलावलेत. मागे कोणाच्या तरी कपाचा आवाज आला.

लेकीच्या रंगीत टेपचा एक पिवळा तुकडा फाडून काट्यापाशी चिकटवून ठेवलाय. शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरातला दिवा चालू दिसतोय, त्या पण हेच ऐकत असणार.